पिवळं रक्त

पट्टा हवेत गेला की गोदामातले तीनशे लोक श्वास रोखून धरत, आणि तो पाठीवर उतरला की सगळे एका सुरात ओरडत, "गेलंऽऽ!" गेलं म्हणजे दुखणं. ते कुठे गेलं, कुठल्या वाटेनं गेलं, हे विचारण्याची तिथे पद्धत नव्हती.

गोदाम पत्र्याचं, रिकामं, आणि भर दुपारी भट्टीसारखं तापलेलं. मधोमध एक लाकडी बाक. बाकावर एक सुतार पालथा पडलेला, त्याच्या उघड्या पाठीवर एक ओलसर पिवळं फडकं अंथरलेलं. शेजारी पट्टेबाबा उभा. हातात कुठल्यातरी जुन्या यंत्राचा चामडी पट्टा, चार बोटं रुंद. प्रत्येक फटक्याआधी तो पट्टा बादलीतल्या मंतरलेल्या पाण्यात बुडवून काढायचा.

"दुखणं म्हणजे कोण?" बाबा ओरडला.

"भाडेकरू!" लोक ओरडले.

"गोड बोलून जागा सोडतो?"

"नाही!"

"अर्ज-विनंत्या करून सोडतो?"

"नाही!"

"मग त्याला काय लागतं?"

"फटकाऽऽ!"

सटकन आवाज झाला. सुतार गुरासारखा हंबरला. आणि जिथे पट्टा लागला तिथे पिवळ्या फडक्यावर रक्ताचा लालभडक पट्टा उमटला. सात फटके झाले तेव्हा फडकं लालेलाल झालं होतं. बाबानं ते दोन बोटांनी उचललं, लोकांना दाखवलं, मग सुताराच्या पाठीकडे बोट केलं. पाठीवर काठीएवढे वळ होते, पण कातडी कुठेही फाटलेली नव्हती.

"रक्त आलं, जखम नाही! कारण हे माणसाचं रक्तच नाही. हे दुखण्याचं रक्त!"

बायका रडू लागल्या. एक म्हातारा पुढे येऊन बाबाच्या पायावर कोसळला. बाबा कुणाकडून पैसा घेत नसे, आणि त्यावरून लोकांचा त्याच्यावर फार विश्वास होता. वळांवर लावायचं तेल मात्र त्याच्याकडूनच विकत घ्यावं लागे. ते कुणी पैशात धरत नसे.

तिसऱ्या रांगेत मुकादमीण आपल्या सुनेचं मनगट धरून उभी होती. रुग्णालयाच्या धुलाईघरात बावीस वर्षं काढलेली बाई. चाळीस बायका तिच्या हाताखाली. तिच्या एका हाकेनं वाफेच्या यंत्रांचा आवाजही दबतो, असं त्या म्हणायच्या. आजारपण म्हणजे कामचुकारपणा, हे तिचं ठाम मत होतं. तिला स्वतःला बावीस वर्षांत एकदाही चक्कर आली नव्हती, निदान तसं ती सांगायची.

पण सून महिनाभरात चार वेळा पडली होती. धुतलेल्या चादरी घड्या करण्याच्या टेबलाशी ती उभी असायची, आणि उभ्या उभ्या पांढरीफटक होऊन खाली जायची. चौथ्या वेळी पडताना तिचा हात इस्त्रीच्या तापलेल्या रुळाला लागला आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजला. त्याच आठवड्यात तिच्याच टेबलावर घड्या घालणारी ठेंगणी, जी स्वतः दोन महिने अशीच झोकांड्या खात होती, ठणठणीत होऊन कामावर आली. "सात फटक्यांत," ती म्हणाली. "आई गं, जीव गेला असं वाटलं. पण चौथ्या दिवशी उठले ती नवीन होऊन!"

म्हणून मुकादमिणीनं सुनेला आणलं होतं. रविवारची अर्धी पाळी संपली तशी तिला थेट इकडेच आणलं, कामावरच्या पांढऱ्या डगल्यासकट.

"आई, मला भीती वाटते," सून म्हणाली.

"मलाही वाटते. चल."

बायकांना कपड्यांवरून मारत. डगल्यावर फडकं, फडक्यावर पट्टा. पहिल्या फटक्याला सून किंचाळली, तिसऱ्याला तिनं बाकाच्या कडेत नखं रुतवली, पाचव्याला तिचा आवाज बसला. मुकादमीण मोजत होती. सातला तिच्या लक्षात आलं की आपण स्वतःची जीभ चावली आहे.

मग बाबाचे नेहमीचे हुकूम झाले. मंतरलेलं मीठ-साखरेचं पाणी रोज तीन तांबे प्यायचं. तीन दिवस अंधाऱ्या खोलीत पडून राहायचं. घरच्यांनी तिला एकही काम सांगायचं नाही, हाक मारायची नाही. "सांगितलंत तर निघालेला भाडेकरू तुमच्याच घरात शिरेल!"

कोण कशाला काम सांगतंय! मुकादमिणीच्या मुलानं, जो रुग्णालयाची गाडी चालवायचा, तीन दिवस स्वतः भांडी घासली. सून पाणी प्यायली आणि झोपली. उठली, प्यायली, पुन्हा झोपली. चौथ्या दिवशी तिच्या गालांवर रंग होता. ती हसली तेव्हा मुलगा दारात उभा राहून रडला.

पुढच्या सोमवारी मुकादमिणीनं तो डगला धुवायला घेतला. पाठीवर फडक्याचा रंग झिरपून मोठा लाल डाग पडला होता. आता, रक्त या विषयात तिला कुणी शिकवावं असं काही उरलं नव्हतं. शस्त्रक्रियेच्या चादरी, बाळंतपणाच्या चादरी, अपघाताच्या चादरी. बावीस वर्षं तिचे हात त्यातच. वाळलेलं रक्त तपकिरी पडतं, कडक होतं, नुसत्या गार पाण्यात सुटायला लागतं. हा डाग आठ दिवसांनंतरही लाल होता आणि मऊ होता. गार पाण्यानं हलला नाही. सोड्याच्या पाण्यात घातल्यावर तर आणखी भडकला. मग तिनं डगला शेवटच्या हौदात टाकला. त्या हौदात व्हिनेगर असे, कपड्यातला उरलासुरला सोडा मारायला. डाग तिच्या डोळ्यांदेखत पिवळा झाला.

तिनं डगला उजेडाला धरला.

हळद. नवीन बाई कामाला लागली की मुकादमीण पहिल्याच दिवशी तिला दरडावून सांगायची, की हळदीच्या डागावर सोडा टाकलास तर तो लाल होईल आणि मग मी लाल होईन. पट्टेबाबाचं फडकं हळदीचं होतं, बादलीतलं पाणी सोड्याचं होतं. मार खराच होता, फक्त रक्त खोटं होतं.

आणि तरी ती बोलली नाही. ही गोष्ट तिनं पुढे कधीच लपवली नाही, म्हणून इथेही सांगायला हवी. पोरीला गुण आला आहे ना, मग रंगाचं काय घेऊन बसायचं, असं तिनं स्वतःला समजावलं. खरं कारण वेगळं होतं. तिनं स्वतः सुनेला हाताला धरून तिथे नेलं होतं. तिथे झालं ते थोतांड, हे कबूल करायचं म्हणजे पोरीला फुकट बडवून आणली, हेही कबूल करायचं. तेवढी हिंमत तिला झाली नाही. तिनं डगला पिळला, वाळत घातला आणि तोंड मिटलं.

सून पुन्हा टेबलाशी उभी राहिली. पंधरा दिवस बरे गेले. सोळाव्या दिवशी तिचे ओठ पांढरे पडले, अठराव्या दिवशी ती पडली. कमरेत कळा येत होत्या, अंगात बारीक ताप होता. ती कुणाला सांगत नव्हती.

त्या रविवारी मुकादमीण धुलाईघरात चादरींची मोजणी करत होती. ठेंगणी धापा टाकत आत आली.

"बाई, तुमचा मुलगा सूनबाईंना घेऊन गोदामात गेलाय!"

"कुणी सांगितलं त्याला?"

"बाबांनीच निरोप धाडला म्हणे. मुळं राहिलीत, आज एकवीस फटके घ्यावे लागतील."

मुकादमिणीनं वही टेबलावर टाकली. तिनं व्हिनेगरचा कॅन उचलला आणि ती पळत सुटली. एवढ्या वर्षांत तिला पळताना कुणी पाहिलं नव्हतं. तिच्यामागून ठेंगणी, आणि ठेंगणीमागून काय झालं ते न कळलेल्या पाच-सहा बायका.

गोदामाच्या दारातच आकडा ऐकू आला. "तेराऽऽ!" लोक मोजत होते.

सून आता ओरडत नव्हती. तिचं डोकं बाकाच्या कडेवरून खाली लोंबत होतं आणि तोंडातून लाळ गळत होती. मुलगा तिचे पाय धरून गुडघ्यांवर बसला होता. तो रडत होता आणि पुटपुटत होता, "आठच राहिले गं. आठच. एवढं सोस."

मुकादमिणीनं गर्दीत कोपरं चालवली. बाबाच्या एका चेल्यानं तिचा दंड धरला, तिनं कॅन फिरवून त्याच्या तोंडावर हाणला. दुसऱ्यानं तिचे केस पकडले. केसांचा पुंजका त्याच्या मुठीत सोडून ती पुढे गेली आणि सुनेच्या पाठीवर आडवी पडली. चौदावा फटका तिच्या मानेवर बसला.

तेव्हा तिला कळलं, फटका म्हणजे काय. आधी नुसता पांढरा उजेड, आणि मग वळावर सोड्याची आग.

"धरलं! हिलाही धरलं!" बाबा गरजला. "भाडेकरू उडी मारून हिच्यात शिरला! ओढा तिला!"

लोकांनी ओढलं. लोक म्हणजे कोण? ज्यांच्या घरच्या आजारपणातल्या चादरी तिनं धुतल्या होत्या, तेच. कुणीतरी तिच्या पोटात लाथ घातली. कुणाची तरी मूठ तोंडावर बसली आणि ओठ फाटला. मुलगा "आई!" म्हणून उठला, तर त्यालाही चौघांनी दाबून धरलं. पण कॅन तिच्या हातातच होता. तिनं दातांनी झाकण उघडलं आणि होतं नव्हतं ते सगळं सुनेच्या पाठीवरच्या लाल फडक्यावर ओतलं.

आंबट वास गोदामभर पसरला. आणि फडकं पिवळं झालं. व्हिनेगर पसरत गेलं तसं लाल मागे हटत गेलं.

पुढच्या रांगेतली माणसं वाकून बघू लागली. मागची विचारू लागली, काय झालं, काय झालं.

"रक्त पिवळं होतं का रे कधी?" मुकादमीण म्हणाली. तिचा आवाज चिरकत होता. "बघा. हे तुमच्या बाबाचं रक्त. आणि हे माझं." तिनं फडक्याचं कोरडं टोक फाटलेल्या ओठाला लावलं. तिथे डाग पडला. कॅनमधले शेवटचे थेंब तिनं त्यावर झटकले. "होतंय पिवळं? नाही होणार. कारण हे खरं आहे."

"करणी आहे ही!" बाबा ओरडला. "त्या पाण्यात करणी आहे!"

"हे व्हिनेगर आहे. करणी तुझ्या बादलीत आहे. ठेंगणे, इकडे ये. घाल हात."

ठेंगणी बादलीशी आली. एका हातानं स्वतःची पाठ चाचपत तिनं दुसरा हात पाण्यात घातला, बोटं एकमेकांवर घासली, आणि तिचा चेहरा बदलला.

"बुळबुळीत आहे," ती म्हणाली. "सोडा. बाई, हा तर आपला धुण्याचा सोडा!"

"आणि फडक्याला काय लावलंय?"

"हळद," मागून दुसरीच बाई म्हणाली. मग तिसरी म्हणाली. मग कुजबुज गोदामभर पसरली. हळदीच्या डागाला सोडा किंवा साबण लागला की तो लाल होतो, हे त्या तीनशेंतल्या कुठल्या घरात माहीत नव्हतं? माहीत सगळ्यांना होतं. तिथे मात्र कुणालाच आठवलं नव्हतं. पट्ट्याच्या आवाजापुढे डोकं चालत नाही, आणि आवाज त्यासाठीच होता.

बाबानं मागच्या दाराकडे पाऊल टाकलं. त्याला दुसरं टाकू दिलं नाही कुणी. सर्वांत मोठ्यानं "गेलं" ओरडणाऱ्या माणसानंच पहिला ठोसा दिला. पट्टा कुणाच्या तरी हातात आला. सुतार, ज्याच्या पाठीवरचे वळ अजून पुरते गेले नव्हते, त्यानं बाबाला बाकाच्या पायाशी पाडलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. हाड मोडल्याचा आवाज आला. बाबा त्याच्या रोग्यांसारखाच ओरडत होता.

मुकादमीण क्षणभर बघत राहिली. तिला बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं. मग तिचं लक्ष सुनेच्या लोंबणाऱ्या हाताकडे गेलं.

"पुरे!" ती किंचाळली. "त्याला मारून माझी पोर उठणार आहे का? या बाकाला हात लावा!"

सुतार थांबला. त्यानं, मुलानं आणि आणखी दोघांनी बाक उचलला, आणि सुनेला त्याच बाकावरून रुग्णालयात नेलं. बाबाला नंतर पोलीस घेऊन गेले, खांद्याचं हाड मोडलेल्या अवस्थेत. दोघे चेले गर्दीतून कधी निसटले ते कळलंच नाही.

सुनेच्या दोन बरगड्या मोडल्या होत्या. मूत्रपिंडाला मार बसला होता आणि लघवीतून रक्त जात होतं. या वेळी ते खरंच रक्त होतं. दोन दिवस डॉक्टरीणबाई नुसतं "बघू" म्हणत होत्या. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, आणि संध्याकाळी त्या खुर्ची ओढून खाटेशी बसल्या. मुकादमीण पायथ्याशी उभी होती.

"मार बसायच्या आधीपासूनच मूत्रपिंडात जंतू होते," डॉक्टरीणबाई सुनेला म्हणाल्या. "रक्तही कमी आहे. दिवसभरात पाणी किती पिता?"

"सकाळी एक पेला. मग घरी गेल्यावर."

"वाफेत दहा तास उभं राहून? का?"

सुनेनं सासूकडे पाहिलं, मग छताकडे.

"सांग पोरी," मुकादमीण म्हणाली.

"संडास दोन मजले खाली आहे," सून हळूच म्हणाली. "जायचं तर आईंना विचारावं लागतं. त्या सगळ्यांसमोर ओरडतात, आत्ताच तर गेली होतीस म्हणून. मग पाणीच नको वाटतं. आम्ही कुणीच पीत नाही."

डॉक्टरीणबाईंनी पाण्याचा पेला भरून सुनेच्या हातात दिला.

"डॉक्टरीणबाई," मुकादमीण म्हणाली, "एक विचारते. पहिल्या वेळी तिला गुण कसा आला? तो खोटा नव्हता. मी डोळ्यांनी बघितला."

"मारानंतर काय केलं होतं?"

"रोज तीन तांबे पाणी. मीठ-साखर घालून. आणि तीन दिवस झोप."

"मग आणखी काय पाहिजे?" डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाण्यानं चक्कर थांबली, झोपेनं अंग सावरलं. आतले जंतू तेवढे राहिले, त्यांना औषध लागतं. लोकांना पाणी आणि विश्रांती मिळाली की निम्मी दुखणी हलकी होतात. त्याचं श्रेय तो पट्ट्याला देत होता. तुम्ही तिला घरीच तीन दिवस झोपू दिलं असतं, पाणी दिलं असतं, आणि मग माझ्याकडे आणलं असतं, तर बरगड्या शाबूत राहिल्या असत्या."

मुकादमीण सुनेच्या उशाशी येऊन खाली बसली. दुसरी खुर्ची नव्हती, जमिनीवरच बसली. आपल्या धुलाईघरातल्या बायकांना तीन दिवस पडून राहायला मिळावं म्हणून कुणाला तरी त्यांना आधी बडवावं लागत होतं. बाबाच्या हुकुमाशिवाय त्यांना कुणी झोपू देत नव्हतं. घरी नाही, आणि तिच्या हाताखाली तर नाहीच नाही.

"पोरी," ती म्हणाली, "त्यानं एकवीसची भाषा केली. पण तुला त्या बाकापर्यंत मी पोचवलं."

सुनेनं भाजलेला हात खाली सोडला आणि सासूच्या मानेवरच्या वळाला हलकेच बोट लावलं. "दुखतं?"

"आग होते अजून."

"तेल लावू नका," सून म्हणाली, आणि हसायला गेली तर बरगडीत कळ आली.

दुसऱ्या दिवशी पाळी सुरू व्हायच्या आधी मुकादमिणीनं यंत्रं बंदच ठेवली आणि चाळीसही जणींना घड्यांच्या टेबलाशी बोलावलं. फाटलेला ओठ सुजल्यामुळे ती जरा बोबडं बोलत होती, पण कुणी हसलं नाही.

"मला भाषण येत नाही," ती म्हणाली. "लाल फडक्याचं काय ते तुम्हाला कळलंय. पण ते माझ्या लक्षात आधीच आलं होतं, आणि मी गप्प बसले. यापुढे तुमच्यापैकी कुणालाही असलं काही दिसलं, तर गप्प बसू नका. मोठं माणूस समोर असलं तरी, मी असले तरी. हात घालून बघा, वास घ्या, विचारा. विचारल्यानं खरं काही नासत नाही."

कुणीतरी खोकलं. ती पुढे बोलली.

"दुसरं. तहान लागली की पाणी प्यायचं. लघवी लागली की जायचं, मला विचारायचं नाही. पाय दुखले तर बसायचं. ताप आला तर घरी जाऊन झोपायचं, आणि उतरला नाही तर वरच्या मजल्यावर डॉक्टर आहेत. आपण त्यांच्याच चादरी धुतो, त्यांना दाखवायला आपल्याला लाज कसली? आपलं शरीर आपण सांभाळायचं, रोज, थोडं थोडं. त्याला मंत्र लागत नाही, आणि मार तर नाहीच."

"आणि धुण्याची गाठोडी अडली तर?" ठेंगणीनं विचारलं.

"अडू देत."

बायका एकमेकींकडे बघत उभ्याच राहिल्या. पाण्याचं पिंप काठोकाठ भरलेलं होतं, पण त्याच्याजवळ कुणी जाईना. अशा सवयी एका भाषणानं मोडत नाहीत. तेव्हा मुकादमीण स्वतः गेली. उभ्या उभ्या ती दोन पेले पाणी प्यायली, सगळ्यांसमोर, शेवटच्या थेंबापर्यंत. मग यंत्रं सुरू केली.

तासाभरानं ती आपली जागा सोडून जिन्याकडे निघाली. वरून पाहणीला आलेला व्यवस्थापक नेमका दारात उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं.

"मुकादमीणबाई, ऐन पाळीत कुठे निघालात?"

"लघवीला," ती म्हणाली, यंत्रांच्या आवाजावरून चाळीस जणींना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि जिना उतरू लागली. दुसऱ्या वळणावर तिला वरून पावलांचा आवाज आला. तिच्यामागून आणखी तिघी उतरत होत्या.